आधी ओ देईल ती

सोमवार, ३ तारीख

आज कामावर रुजू झाले! सातवी शिकलेल्या बाईला चक्क एसीत खुर्ची. कंपनीचं क्वार्टरही मिळालं, दोन खोल्या, नळाला धो धो पाणी. सासूबाई म्हणाल्या, चला, आमची सून आता बसून दिवे राखणार. बोलल्या खोचक, पण आतून खूश होत्या. हे जहाजावर, वर्षाने यायचे. तोवर भिंगरीला त्याच सांभाळणार. भिंगरी म्हणजे माझी लेक, चार वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ.

काम असं, की भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर नकाशा, आणि कंपनीच्या सगळ्या शाखांचे ठिपके. लाइन चालू असली की हिरवा, तुटली की लाल. लाल झाला की लाइनमन दादांना फोन करायचा. माझ्या वरच्या ताई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, हाताला वळण लागेल. म्हणून ही वही.

बुधवार, ५ तारीख

ताईंनी आज प्रोग्रामच्या खोडी सांगितल्या. म्हणे कंपनीला सगळ्या ठाऊक आहेत, दुरुस्त कोणी करत नाही. मोडक्या खाटेखाली वीट लावावी तसे उपाय काढलेत. पडदा दर थोड्या वेळाने प्रत्येक शाखेला तिच्या नंबराने हाक मारतो. शाखेने ओ दिली की ठिपका हिरवा. पण एकच नंबर चुकून दोन ठिकाणी पडला, की तो गडबडतो. दोघींतली जी आधी ओ देईल तीच त्याला खरी. दुसरी आहे हे त्याच्या गावीच नसतं. मग उपाय काय, तर ठिपका काढायचा, थोडं थांबायचं, परत घालायचा.

मी विचारलं, आणि भलतीच परत आली तर? ताई हसायला लागल्या. म्हणाल्या, हिरवं दिसलं की झालं. आपल्याला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?

शुक्रवार, ७ तारीख

लाइनमन दादांचे उपकार कसे फेडू! भिंगरीच्या काळजीने माझं चित्त थाऱ्यावर नसतं हे त्यांनी हेरलं. तिच्या मनगटाला फोनसारखं बोलायचं घड्याळ बांधलं आणि ते पडद्यावर चढवलं. क्वार्टरच्या जागी इवलासा हिरवा ठिपका. माझी पोर! दिवसभर तिच्याकडेच बघत बसले.

नवे नंबर संपलेत, म्हणून दादांनी एका बंद शाखेचा नंबर दिला. नकाशाच्या अगदी काठाला होती ती. इमारतही पाडून टाकली, चिटपाखरू नाही तिथे. दादा म्हणाले, मेलेल्याचा नंबर, कोण मागायला येतंय?

सोमवार, १० तारीख

दुपारी ठिपका हलला. घरून उठला तो थेट नकाशाच्या काठाला. घरी फोन केला तर सासूबाई डाफरल्या, अगं, समोर उड्या मारतेय कार्टी, तुझ्या पडद्याला मोतीबिंदू झालाय का? ताई म्हणाल्या, तीच खोड, काढ आणि घाल. काढला. थांबले. घातला. ठिपका घरी आला. जीव भांड्यात पडला.

घरी गेले तर भिंगरी धावत आली नाही. भिंतीला पाठ लावून बसली होती. हात मांडीवर.

मंगळवार, ११ तारीख

ती ओ देते. पण मी हाक मारायच्या आत. मी नुसतं तोंड उघडते, की — ओ. पाणी हवं का विचारायच्या आत — नको. सासूबाई म्हणतात, पोर शहाणी झाली, तर तुझ्याच डोळ्यांत खुपतं. भिंगरी कधी इतका वेळ बसलीय का, तुम्हीच सांगा, म्हटलं.

बुधवार, १२ तारीख

ती माझ्या मांडीवर होती. सपाट आवाजात म्हणाली, आई, इथे भिंती नाहीत, तू मला का काढलंस.

मग माझा फोन वाजला. नंबर तिच्याच घड्याळाचा. कानाला लावला. भिंगरी रडत होती. हुंदके देऊन. आई, इथे भिंती नाहीत, तू मला का काढलंस —

मांडीवरचीचं तोंड मिटलेलं होतं.

मी काढलं. माझ्या हाताने.

गुरुवार

दादा म्हणतात, दोन लाइनी एकमेकींवर पडल्या, असं होतं. ताई म्हणतात, रजा घे. पाया पडले दोघांच्या. कोणी ऐकेना.

काढते. घालते. काढते. घालते. दर वेळी घरचीच आधी ओ देते. ती जवळ आहे. माझी लांब. तिची ओ पोचेस्तोवर —

शुक्रवार

सासूबाई मला तिच्याजवळ येऊ देत नाहीत. डोकं फिरलंय म्हणतात. त्या आंघोळीला गेल्या तेव्हा घड्याळ काढून घेतलं. मी मागायच्या आत तिने हात पुढे केला. हसली.

आता माझ्या मनगटाला आहे. ऑफिसात पडद्यासमोर बसलेय. ताई जेवायला गेल्यात. ठिपका काढला की ज्याच्या हाताला घड्याळ तो तिकडे काठाला जातो, एवढंच मला कळलंय. बाकी मी अडाणी.

काढते आता. मला.

तारीख — कळत नाही

सापडली. गार पडलीय. पण धावत आली. माझीच आहे.

इथे ऊन नाही, अंधारही नाही. नुसती जमीन. कुठूनच कुठे जाता येत नाही.

घड्याळावरून ताईंना फोन लागला. मी म्हटलं, ताई, मी. त्या म्हणाल्या, कोण गं तू, ती तर शेजारी बसलीय माझ्या. मागून तिचा आवाज. माझा. मी बोलायच्या आधी तेच बोलत होती —

ताई म्हणाल्या, मघाशी जेवून आल्यावर घातलेला ठिपका परत काठाला गेलाय, काढून घालते. ओरडले. त्यांनी फोन ठेवला.

काढतील. मग हाक येईल. जी आधी —

भिंगरी, रडू नको. कान दे. हाक ऐकू यायची वाट बघायची नाही, बाळा. आपल्या जागी बसलेल्या त्या दोघी वाट बघत नाहीत. तोंड उघड. आईबरोबर. मोठ्याने. आत्ता, आत्ताच — ओ दे, भिंगरी, ओ —