हळू दिलेली टेस्ट

ट्रुगानिना,
२० जुलै २०२५

ती. मयूराआत्यास,
नचिकेतचा शि. सा. न. वि. वि.

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. १२ तारखेच्या फुटबॉलच्या सामन्यात समोरच्याचा खांदा माझ्या कानशिलावर बसला आणि क्लबच्या डॉक्टरांनी फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं बंद केलं. अकराव्या वर्षी इकडे आलो, तेव्हा तू बळंच चालू ठेवायला लावलेलं मराठी आता कामी येतंय. आई डिंकाचे लाडू भरवते, बाबा तासातासाला पडदे सारखे करतात. सव्वीस वर्षांचा फूटीवाला बाळंतिणीसारखा पडून आहे.

आता खरं कारण. सीझनआधी आमची मेंदूची एक टेस्ट घेतात. डोक्याला मार लागला की तीच पुन्हा घेऊन आकडे ताडून बघतात. फेब्रुवारीतली पहिली टेस्ट मी मुद्दाम हळू दिली होती, म्हणजे मार लागल्यावरही आकडे घसरलेले दिसत नाहीत. जुने खेळाडू नव्यांना हेच शिकवतात. त्यामुळे परवा मी सहज पास झालो आणि ३ ऑगस्टला मैदानात उतरायचं आहे. पण जिना उतरताना अजून तोल जातो.

सहा वर्षांत एकतीस सामने, आत्या. ऑक्टोबरमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय. उरलेले सामने खेळलो नाही तर नवं मिळणार नाही. मी फार दमलोय, पण थांबायचं कसं ते मला कोणी शिकवलं नाही. आईबाबांना यातलं काही सांगू नकोस.

रागावशील, तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
नचिकेत

---

कालगुर्ली,
२६ जुलै २०२५

चि. नचिकेत यास,
अ. उ. आ.

हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आले आणि तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. फोन उचलला आणि ठेवला. तिकडे तो तुझ्या बाबांनीच घेतला असता, आणि माझ्या दादाशी मला खोटं बोलता येत नाही.

इथे खाणीतली माणसं दर वर्षी तपासणीला येतात. कोणी चक्कर लपवतो, कोणी बहिरेपण. त्यांना मी दारातच ओळखते, आणि घरचा चोर मला ओळखता आला नाही. फेब्रुवारीत तू फोनवर विचारलं होतंस, की झोप न झालेला माणूस अशा टेस्टमध्ये कितीने मागे पडतो. मला वाटलं, पोरगा अभ्यासू झाला. मी शहाणी, आकडा सांगून मोकळी झाले. म्हणजे या पापात अर्धा वाटा माझा, आणि तो मला झेपत नाहीये.

तुमच्या त्या फूटीच्या लंबगोल चेंडूला चार खांब का लागतात, हे मला आजवर कळलं नाही. पण आधीच तोल जाणाऱ्याला पुन्हा मार बसला तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू स्वतः डॉक्टरांना सांग. शुक्रवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी त्यांना फोन करेन, मग जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. हे एक्सप्रेस पोस्टने टाकते आहे.

जीव तुझ्यात अडकलाय, म्हणून इतकं कडू लिहिलं.

तुझी,
मयूराआत्या

---

ट्रुगानिना,
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच दुपारी सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं लिहून घेत राहिले. हा सीझन माझ्यापुरता संपला. कॉन्ट्रॅक्टचं नंतर बघू, असं कोच म्हणाले, आणि त्यांच्या ‘नंतर’चा अर्थ मला सहा वर्षांत कळलेला आहे. मग घरी सांगितलं. आई रडली आणि सुटले एकदाची म्हणाली. बाबांनी तिसऱ्या दिवशी न विचारता माझे बूट धुऊन ठेवले. तुझा राग आलेला नाही. फोनवरचा तो प्रश्न माझा होता, तेव्हा पापाचा वाटा मागू नकोस.

मंगळवारी ती टेस्ट पुन्हा घेतली. या वेळी खरी द्यायची होती. मी नीट झोपून, पोटभर खाऊन गेलो आणि एकेका उत्तरासाठी जीव तोडला. झाल्यावर डॉक्टरांनी फेब्रुवारीचा कागद शेजारी ठेवला. आकडे जवळजवळ तेच होते. हीसुद्धा मुद्दाम हळू दिलीस का, असं त्यांनी हळूच विचारलं.

मला हो म्हणावंसं वाटलं, आत्या. नाही म्हणालो.

फोन अजून बंदच आहे, तेव्हा लोभ पत्रानेच पाठव.

तुझा,
नचिकेत