पेनफोल्डबाईंचं बुजगावणं

लिटल ऑटर्बी,
बुधवार, १४ ऑगस्ट १९६८

प्रिय ग्वेनताईस, विल्फचा शि. सा. न.

तू लीड्सला नर्स व्हायला गेलीस, त्यामुळे सुट्टीत माझ्यावर नजर ठेवायला कोणी उरलं नाही. म्हणजे जे झालं त्यात अर्धी चूक तुझी.

कॉटेजची चावी देताना मालकीण पेनफोल्डबाईंनी बाबांना बजावलं, की गेल्या साली तुमच्या पोरानं चर्चच्या घंटेच्या लोलकाला लोकरी मोजा चढवला. यंदा एक जरी चाळा केला तर पुढल्या साली कॉटेज दुसऱ्यांना. बाबा वर्षभर कारखान्यात हातमोजे शिवतात ते इथल्या नदीत आठवडाभर गळ टाकून बसायच्या आशेवर. मी शपथ घेतली. दोन दिवस टिकली. माझ्या मानानं विक्रमच.

येत्या शनिवारी गावाची बुजगावण्यांची स्पर्धा. बाईंचं बुजगावणं आमच्या परसात होतं: त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, हेरल्डचा, कोट, पोटात पेंढा, वर सलगमाचं डोकं. नऊ वर्षं बाईंना बक्षीस नाही. मी ते पहाटे उचलून अंगणातल्या संडासात नेऊन बसवलं. बाबांनी दार उघडलं, माफ करा म्हणाले, दार लावलं आणि वीस मिनिटं बाहेर ताटकळत उभे राहिले! मी गवतात लोळून हसलो. नंतर ते बाहेर काढून ठेवलं, पण हसण्याच्या नादात फाटक उघडंच राहिलं. शेजारचं तट्टू आलं. डोकं खाल्लं, पोटही खाल्लं. कोट तेवढा वाचला.

काय करू? लगेच कळव.

तुझा,
विल्फ

लीड्स, १५ ऑगस्ट

चि. विल्फ, अ. आ.

बाबांचं वाचून वॉर्डात इतकी हसले की मोठ्या सिस्टरांची बोलणी खाल्ली. आता ऐक. बाईंना खरं सांग, शनिवारच्या आत. शक्कल लढवू नकोस. तुझ्यापेक्षा ते सलगम हुशार होतं.

ग्वेनताई

लिटल ऑटर्बी, रविवार, १८ ऑगस्ट

प्रिय ताई, शि. सा. न.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तोवर मी तोंडाला पीठ न् काजळी फासून, तो कोट घालून फाटकावर बसलो होतो. चार तास! पाद्रीणबाई परीक्षक. कोट झकास, हात अगदी खरे, पण चेहरा फारच मठ्ठ, माणसाचा वाटत नाही, असं म्हणून त्यांनी तिसरा नंबर दिला. वर फीत टाचली ती थेट माझ्या छातीत. मी हूं की चूं केलं नाही.

मग पेनफोल्डबाई आल्या. फितीकडे बघत राहिल्या, कोटाची कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाल्या, की हेरल्ड, आलास रे बाबा एकदाचा नंबरात.

ताई, मला बसवेना. सांगून टाकलं, की बाई, मी हेरल्ड नाही, विल्फ आहे. हेरल्ड तट्टूनं खाल्ला.

बाईंनी आधी, भलत्यालाच हेरल्ड म्हटलं म्हणून, माझी माफी मागितली. मग कान धरला. फीत स्वतः जाऊन परत केली. बाबांनी गळ गुंडाळायलाच घेतला होता, तेवढ्यात बाई आल्या आणि म्हणाल्या, पुढल्या साली चावी मिळेल, पण बुजगावण्याचं डोकं मी घरून लाकडाचं कोरून आणायचं, हुबेहूब माझ्या चेहऱ्याचं. ते बघून तट्टूचीसुद्धा भूक मरेल म्हणे.

सुताराची पटाशी कुणाकडे मिळेल ते बघ. लोभ आहे तेवढा असू दे; माझा कान मात्र आधीच भरपूर वाढलाय.

तुझा मठ्ठ,
विल्फ