आढ्याखालचं प्रेशर

३ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. आजपासून चिडणारही नाही.
निवृत्तीमामांनी गिरणारे रोडच्या रिसॉर्टचा माळा माझ्यावर सोपवला. उतरतं छप्पर आहे. आग विझवायचे स्प्रिंकलर बसवायचे, साइझ मी ठरवायची. माळा पास झाला तर पुढची साइट माझी. नाही झाला तर पाइप उचल, म्हणाले. तो प्रश्नच नाही. साइट मिळाली की थेट हर्षालीच्या घरी मागणी घालणार. हर्षाली म्हणजे अंबडला आम्ही माल घेतो त्या दुकानात काउंटरवर असते ती. तिला अजून काही सांगितलेलं नाही. घाई नको.

४ एप्रिल
पंधरा एमएम भोकाचे स्प्रिंकलर घेतले. हर्षालीने छपराचा उतार विचारला, आढ्याची उंची विचारली, पंप केवढा ते विचारलं. एवढी चौकशी माझी घरीसुद्धा कुणी करत नाही. नाव तेवढं विचारलं नाही. माहीत असणार.

६ एप्रिल
पंधरा परत केले, वीस एमएम घेतले. कारण टेक्निकल. काल रविवार, दुकान बंद, जेवण गेलं नाही.
ती म्हणाली, उतारावरून गरम हवा चढत आढ्याला जाते, म्हणून आढ्याजवळ स्प्रिंकलर दाट लावा. पण तुमचा पंप लहान, भोक मोठं घेतलंत तर प्रेशर राहणार नाही, पंधराच ठेवा. आणि ड्रॉईंग घेऊन या, एका फेरीत काम होईल.
एका फेरीत!
ड्रॉईंग गादीखाली ठेवलं.

९ एप्रिल
वीस परत, पंधरा घेतले. आता बरोबर, म्हणाली. हसली. बहुतेक हसली.

१० एप्रिल, सकाळी
पंधरा परत, वीस घेतले. ती म्हणाली, अहो, एकदाचं काय ते ठरवा ना! तिलाही घाई झालेली दिसते.

दुपारी
आमचा फिटर भारत म्हणाला, किशोरभाऊ, काढ-घाल करून आटे गेले सगळे, त्या पोरीपायी माळा घालवशील तू. मी शांतपणे पान्हा फेकला. त्याला लागला नाही, खिडकीला लागला. चिडलो नव्हतो.

१३ एप्रिल
वीसच फायनल. मोठं भोक, जास्त पाणी. यात शिकायचं काय? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांना असंच काहीतरी समजावत होतो. त्यांना पटेना, म्हणून कॉलेज सोडलं. नुकसान कॉलेजचं.
मामांनी विचारलं, दुकानातल्या मॅडम काय म्हणतात? म्हटलं, आमचं एकमत आहे.

१७ एप्रिल
उद्या ट्रायल. हर्षालीला बोलावणं दिलं. ती म्हणाली, येणारच आहे, शेठ म्हणालेत सारखा माल बदलतात तिथे काय चाललंय ते बघून ये. यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं. शर्ट इस्त्रीला टाकला. मागणीचं वाक्य पाठ केलं, आरशासमोर दोनदा अडखळलो, तिसऱ्यांदा आरशावर ओरडलो.

१८ एप्रिल, संध्याकाळी
आढ्याखालच्या चार स्प्रिंकलरच्या तोंडाची, आगीत फुटते ती काच काढून ते उघडे ठेवले, खाली बादल्या मांडल्या. सगळ्यांना छत्र्या घेऊन यायला मीच सांगितलं होतं. रिसॉर्टचे मालक, मामा, भारत, हर्षाली, सगळे छत्र्या उघडून उभे. पंप सुरू केला. घरघर झाली. पाणी आलं. म्हणजे, टपकलं.
मालकांनी छत्री मिटली. मामा म्हणाले, किशोर, याच्यापेक्षा आमच्या बेसिनचा नळ बरा. भारत म्हणाला, आग दमून विझेल, मामा. मी पंपाला लाथ मारली. पंप बिडाचा होता.
हर्षालीने खाली जाऊन रिक्षातून पेटी आणली. पंधरा एमएम. मी शेठना म्हणाले होते, ही लागणारच, असं म्हणाली. ऊर भरून आला. माझ्यासाठीच आणली होती. वर मार्करने लिहिलं होतं, 'माळावाले'.
मग तिने विचारलं, नाव काय हो तुमचं? वीसचा माल परत घेतेय, कुणाच्या नावावर टाकू? मामांच्या नावावर टाका, म्हणालो.
पाठ केलेलं वाक्य राहून गेलं. अंगठा फार ठणकत होता.

२२ एप्रिल
पंधरा एमएम लावून पुन्हा ट्रायल. छत्र्या हातात धरवेनात. माळा पास. पुढची साइट भारतला. मी पाइप उचलतो.
संध्याकाळी पेटीत उरलेले नग एकेक करून उजेडात धरून पाहिले. आटे बघितले, काच बघितली. सगळे चांगले निघाले. बदलून आणण्यासारखा एकही नाही.