मिळालं, एवढंच

होसूर

आबा,
इथूनच तुमच्या पायावर डोकं ठेवते. मी बरी हाय. भाताची सवय झाली. कांदा काढून झाला का? आईचा गुडघा कसा हाय?

ऑफिसात साहेब प्रत्येक मेलखाली लिहायला लावतात, ‘प्लीज ॲक्नॉलेज’. म्हंजी मिळालं, एवढंच कळवा. पटलं, आवडलं, असं काही म्हणावं लागत न्हाई.

तुम्हाला न विचारता नोकरीवर आले, तवापासून हे तिसरं पत्र. उत्तर एकाचंही न्हाई. राग असू द्या.

तळेगावच्या बाजारातून येताना फाट्यावर उतरलात की तुम्ही मिस कॉल द्यायचा, आन् मी फोन न उचलता चहाचं आधण ठेवायची. तसाच एक द्या.

मी उचलणार न्हाई.

तुमचीच,
सुलक्षणा