क्रिटिकल स्पीडला थोडं थांबून

३ मार्च, सोमवार
नवा ब्लोअर बसला. त्याचा पंखा फिरवणारा शाफ्ट कमी स्पीडला शहाणा, जास्त स्पीडला शहाणा. मधल्या एकाच स्पीडला अंगात आल्यासारखा करतो. तो क्रिटिकल स्पीड. तिथे रेंगाळायचं नाही, झटकन पुढे काढायचं. साऱ्या कारखान्यात हे नीट समजावून सांगणारा मी एकटा. शुक्रवारी डायरेक्टर मंडळी बघायला येणार. चीफ इंजिनियरची खुर्ची रिकामी आहे. संकल्प: मोजकंच बोलायचं.

४ मार्च
ट्रायल झाली. स्पीडचं बटण असलेल्या पॅनेलवर मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. नोकरी मीच लावली. तो विसरला तरी मी विसरत नाही. क्रिटिकलला मशीन क्षणभर थरथरलं, पुढे गेलं, एकदम गरीब गाय. पाहुण्यांना दिसणार काय, कपाळ? ठरवलं: शुक्रवारी तिथे थोडं थांबून दाखवायचं. थोडंच.

६ मार्च
पॅनेल मशीनला खेटून लावून घेतलं. मंडळींना दोन्ही एकदम दिसावीत. मेहुणा म्हणाला, भावोजी, तुमचं 'थोडं' आम्ही ताईच्या लग्नापासून ऐकतोय. दुर्लक्ष केलं.
घरी भाषणाची तालीम. ही म्हणाली, थांबू नये तिथे थांबायचंच कशाला? हिला थिअरी कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी
क्रिटिकलला थांबवलं. शाफ्ट छान थरथरला. मंडळी प्रभावित. मेहुण्याने विचारलं, स्पीड वाढवू का? मी थांब म्हणून नुसता हात वर केला. मोठ्या साहेबांनी स्वतः प्रश्न विचारला होता; अर्धवट उत्तर बरं दिसत नाही. पायाखालची फरशी हलायला लागली. तो ओरडला, भावोजी, वाढवू की बंद करू? मी म्हटलं, वाक्य पुरं होऊ दे.
शाफ्टच्या जोडावरचं लोखंडी गार्ड सुटलं. मेहुण्याचा उजवा हात पॅनेलवर होता.

८ मार्च
रिपोर्ट लिहिला. बोल्ट ढिले, फाउंडेशन कच्चं, पॅनेलवरचा माणूस घाबरट. शिवाय मशीन ज्या स्पीडला हादरेल म्हणालो होतो, अगदी त्याच स्पीडला हादरलं. याचं श्रेय द्यायला कोणी पुढे येत नाही. खुर्चीचं नाव कोणी काढत नाही. ही भावापाशी हॉस्पिटलातच आहे. फोन उचलत नाही.

१० मार्च
हॉस्पिटलात गेलो. हात मनगटापासून काढलाय. धीराचे चार शब्द वाटेत जुळवून ठेवले होते. मला बघून ही उठून बाहेर गेली. मेहुणा छताकडे बघत म्हणाला, भावोजी, तुमचं ते वाक्य राहिलं होतं. सांगा आता पुरं. मला कुठे जायचंय?
आठवेना.