कैनाई नावाचं गाव

बाबा, तुमच्या कागदावरचं ते गाव मला सापडलं. तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली, तेव्हा ही बातमी कळवायची कुठे हा प्रश्नच आहे. पण मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेली बाई. निकाल लागला की अर्जदाराला कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या प्रकरणातले पहिले अर्जदार तुम्ही. आज शाळेला सुट्टी आहे, पेणला ऊन मी म्हणतंय, ऑफिसात मी एकटीच आहे. दुपारचा चहा झालाय आणि आता कुणी दाखला मागायलाही येणार नाही.

एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेच्या आघाडीवर, तुमच्या उजव्या पोटरीत तोफगोळ्याची कपची घुसली, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत म्हणजे काय, दिसत होतं. पोटरीचा एक घास कुणी काढून घ्यावा तसा तिथे खड्डा होता आणि तुम्ही चालताना उजवं पाऊल किंचित उशिरा उचलायचात. रोह्याला सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांना बोलवायचे तेव्हा तुम्ही इस्त्रीचा कोट घालून जायचात. छातीवर दोन पदकं, लढाईत असणाऱ्या सगळ्यांना मिळालेली. जखमी जवानांना वेगळं पदक होतं, आणि ते ज्यांच्याकडे होतं त्यांना पुढच्या खुर्च्या. तुम्ही मागे बसायचात. मला खुर्चीचं काही वाटायचं नाही, पण परत येताना तुम्ही कोट काढून हातावर टाकायचात, पदकं आत दुमडून, ते मला आवडायचं नाही.

मग तुम्ही त्या पदकासाठी अर्ज केलात. कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलात, पोस्टात टाकलात, आणि आठ महिन्यांनी उत्तर आलं. तेव्हा मी नववीत, पेणला मामाकडे शिकायला. तुम्ही तो लिफाफा तीन दिवस न फोडता ठेवलात, मी सुट्टीला येईपर्यंत. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, मी दारातल्या उजेडात उभी राहून वाचतेय. मला इंग्रजी चांगलं येत होतं आणि ते सगळ्यांना ऐकू जावं असंही वाटत होतं. पत्रात लिहिलं होतं की इस्पितळाच्या नोंदीप्रमाणे जखम झाल्याचं ठिकाण 'कैनाई' असं आहे, या नावाचं ठिकाण लढाईच्या भागात कुठेही आढळत नाही, सबब ही जखम शत्रूच्या माऱ्यातली धरता येत नाही.

"कंचा गाव म्हणतेस?" तुम्ही विचारलंत.

"कैनाई."

"असा गाव तिकडं नव्हता. म्या नाय ऐकला."

"बाबा, सरकारी कागद आहे, त्यांनी काय मनाने लिहिलं असेल का? तुम्हालाच नीट आठवत नसेल."

आई तव्यावरून हात काढून माझ्याकडे वळली. "बापाशी असं बोलतात काय गो?" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, शिकलेली हाय ती." तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. तुम्ही खरंच तसं मानत होतात, आणि म्हणूनच ते आठवलं की आजही मला कानकोंडं होतं. तुम्ही पत्र होतं तसं घडी करून ट्रंकेत ठेवलंत, आणि जेवणात आमटीला मीठ कमी होतं ते कुणीच बोललं नाही.

त्यानंतर तुम्ही ते गाव शोधत राहिलात. शाळेतल्या मास्तरांकडून नकाशा मागून आणलात आणि भिंग लावून पूर्वेकडची सगळी नावं एकेक करून माझ्याकडून वाचून घेतलीत. सुट्टीवर आलेला जवान दिसला की त्याला विचारायचात, "कैनाई कुठं आली रं?" गावाला तेवढंच निमित्त पुरलं. पारावरची मंडळी तुम्हाला 'कैनाईचे सुभेदार' म्हणायला लागली. लढाईत कुठला लागतोय, मागं कुठंतरी गाडीतनं पडला असेल, असंही मी कानांनी ऐकलं. मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कागदावर माझा फार विश्वास, तेव्हाही आणि पुढे नोकरीतही.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. बरी झाली, पण अंथरुणातून उठल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "तू जगाचे दाखले सरळ करतेस, बापाचा कागद तेवढा तुला दिसत नाय." बोलणं वर्मी लागलं. मी अलिबागच्या सैनिकांच्या कार्यालयात खेटे घातले, आईच्या सहीने अर्ज दिला आणि तुमच्या जुन्या कागदांच्या नकला मागवल्या. चार महिन्यांनी पाकीट आलं. त्यात इस्पितळाचा मूळ फॉर्म होता, हाताने भरलेला. जखमेच्या ठिकाणापुढे पेन्सिलीने पाच-सहा इंग्रजी अक्षरं लिहिलेली. खाली तुमची सही, वाकडीतिकडी, पण तुमचीच.

मी ऑफिसात तो कागद उजेडात धरून अक्षरं लावत होते. के, ए, आय, एन, ए, आय. हलक्या आवाजात जुळवून म्हणत होते, कै नाई, काइ नाइ. आमच्या शाळेच्या शिपाई मावशी, खाडीकडच्या, कपाट पुसत होत्या. त्या हात थांबवून म्हणाल्या, "कुनाला काय नाय झालं बाई?"

बाबा, मी अक्षरांवर बोट ठेवून ते परत म्हटलं, मावशींसारखं. पेणच्या शाळेत पहिल्या वर्षी 'नाय' म्हटलं की बाई सगळ्या वर्गापुढे दहा वेळा 'नाही' म्हणायला लावायच्या. वर्षभरात मी ते बोलणं पार पुसून टाकलं. म्हणून नववीत मला ते ऐकू आलं नाही. आणि मी इतक्या ऐटीत 'कैनाई' म्हटलं की तुमचाच शब्द तुम्हालाही ओळखू आला नाही.

काय नाय. तुमचं दुसरं बोलणं तरी काय होतं? पेजेचं पातेलं कलंडून पाय भाजला, आईने विचारलं, काय नाय. रोह्याच्या कारखान्यात गेटवर वॉचमन होतात तेव्हा मी डबा घेऊन यायची. डबल शिफ्ट करून पाय सुजून बुटात मावत नसायचा, साहेब गाडीची काच खाली करून विचारायचे, पायाला काय झालं, आणि तुम्ही सलाम ठोकून, काय नाय साहेब. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर पोट दाबून विचारत होते कुठे दुखतंय, तेव्हाही तेच. मी डॉक्टरांना म्हटलं होतं, त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. एवढं कळत होतं मला, आणि तरी फॉर्मवरचं कळलं नाही.

आईला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. तीच म्हणाली, नागोठण्याचा चाचा असेल अजून, त्याला विचार. तुमच्या पलटणीत गाडी चालवायचे ते चाचा, ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे ते. मी एसटीने नागोठण्याला गेले. चाचांना आता ऐकू कमी येतं, मुलगा कतारला, घरात सूनबाई. अंबा नदीच्या पुरात त्यांच्या घरातलं होतं नव्हतं ते भिजलं, पण फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक माळ्यावर होतं म्हणून वाचलं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मी कागद दाखवला आणि मोठ्याने विचारलं, असं कसं लिहिलं गेलं?

"मी होतो ना तिथं," चाचा म्हणाले. "माझ्याच गाडीतनं आणला त्याला. पायातनं रगत चाललेला. बाजूला एक पंजाबी जवान, त्याच्या पोटात लागलेलं. लिवणारा आला, तुझ्या बापाला विचारलान, कहाँ लगा? तुझा बाप बोलला, काय नाय, काय नाय, पहिला त्याला बघा. मी बोललो, अरे हिंदीत बोल, त्याला काय समजतंय? तवर तो लिवून पुढं गेला पण."

"आणि तो पंजाबी?"

"नाय वाचला, बेटी."

सूनबाईंनी चहा आणला होता. कप हातात घेतला आणि मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, परक्या घरात. मला वाटायचं तुमची ती बोलायची सवय आहे, भिडस्तपणा आहे, आपल्याकडचे सगळेच तसे. त्या दिवशी तुम्ही तुमची पाळी दुसऱ्याला दिली होतीत. चाचांनी रडू दिलं, आणि नंतर सुनेला बशीत बिस्किटं घालायला सांगितली.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. चाचांचं साक्षीचं प्रतिज्ञापत्र, आईचा अर्ज, आणि वर माझा एक पानभर खुलासा, की रायगडाकडच्या माणसाला कुठे लागलं असं विचारलं तर तो काय उत्तर देतो. तुम्ही हसाल, पण त्यांनी उलट पत्र पाठवलं, की असा शब्दप्रयोग त्या भागात रूढ असल्याचा पुरावा जोडावा. मी आपल्या ग्रामपंचायतीत गेले. सरपंच तिशीतली मुलगी आहे, तिने डोक्याला हात लावला आणि मग गोल शिक्का मारून दाखला दिला, की या गावातील ग्रामस्थ 'काही नाही' याऐवजी 'काय नाय' असे बोलतात. तीस वर्षांत मी किती तऱ्हेचे दाखले पाहिले, असा एकही नाही. तिथे पारावर बसलेल्यांपैकी एक म्हातारा, तुम्हाला सुभेदार म्हणणाऱ्यांतलाच, ते ऐकून उठला आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. गरज नव्हती, तरी मी करू दिली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. ठिकाणाची नोंद दुरुस्त केली आहे, जखम शत्रूच्या माऱ्यात झाल्याचं मान्य आहे, आणि पदकाचं प्रकरण मंजुरीसाठी वर पाठवलं आहे. मी गावी जाऊन आईला वाचून दाखवलं, मराठीत, सावकाश. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यांचा पाय आता खरा झाला." तुमच्या फोटोपुढे पत्र ठेवायला निघाली होती, पण उदबत्तीने जळेल म्हणून मीच ते फाईलला लावलं आणि तिला झेरॉक्स दिली.

आता एकच राहिलं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. त्या सगळ्या कागदांत माझंही एक प्रतिज्ञापत्र आहे. वकिलाने टाईप करून आणलं होतं, त्यात एक कलम होतं: 'सदर जखमेची हकिकत वडिलांनी मला वेळोवेळी स्वतः सांगितली असून ती मी लक्षपूर्वक ऐकलेली आहे.' मी न वाचता कधी सही करत नाही. हेही वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. खोटी प्रतिज्ञापत्रं घेऊन येणाऱ्या किती आईबापांना मी टेबलावरून परत पाठवलंय, त्याची गणती नाही.

मी नोकरीला लागल्यावर दर शनिवारी यायची ना, तेव्हा ओट्यावर पाय पसरून बसलेले असताना तुम्ही एकदा सुरुवात केली होतीत. "त्या दिवशी काय झालं, तुला म्हाईत हाय काय?" मी पर्स खांद्याला लावून उभी होते. म्हटलं, पुढच्या वेळी सांगा बाबा, पाचची एसटी चुकेल. तुम्ही बरं म्हणालात आणि परत कधी तो विषय काढला नाहीत. पाचची चुकली असती तरी सहाची होती.