बाबांची मशीन

२ सप्टेंबर, मंगळवार

‘दीदी, और आपका?’ — अवंतिकाने आज भर वर्गात मला विचारलं.

राइट टाउनच्या हिंदी शाळेत मी नववीच्या मुलींचा जीवनकौशल्यांचा तास घेत होते. माझा आवडता विषय — सगळ्या बाजूंनी वाढायचं कसं. फळ्यावर वर्तुळ काढून सहा भाग केले : शरीर, अभ्यास, मैत्री, घर, छंद आणि लपलेलं दुखणं. शेवटचा भाग मी जोर देऊन शिकवते. तो सोडून बाकीचे पाच भरले तर वाढ लंगडीच! मुली मुकाट्याने लिहीत होत्या. अवंतिका मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. नमुना म्हणून आणलेला कागद — आणि सहावा भाग कोरा!

३ सप्टेंबर

अजून कोराच.

७ सप्टेंबर, रविवार

लिहूनच टाकते.

मी नऊ वर्षांची होते. विश्वकर्मापूजेला बाबांच्या फॅक्टरीचं गेट घरच्यांसाठी उघडतं. कामगार आपापल्या मशीनला हार घालतात, मुलं बघतात, बुंदी खातात. मी निळा फ्रॉक घालून सकाळपासून पायरीवर बसले होते. बाबांनी माझ्या धाकट्या भावाला, चार वर्षांच्या वेदांगला, सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि मला म्हणाले, ‘तू काहून येऊन राहिली? तुझं तिथं काय काम!’

बस्. एवढंच.

पुढे पहिला नंबर आणला, घरातली पहिली पदवी आणली. दर वेळी निकाल बाबांच्या हातात देताना मनात एकच — आता तरी न्याल? आणि लोकांना काय सांगते? मुलगी म्हणून मला घरी कधी अडवलं नाही!

बाबा तीस तारखेला रिटायर होतात. यंदाची पूजा शेवटची.

११ सप्टेंबर

आई भेंडी चिरत होती. विचारलं, ‘बाबांनी मला फॅक्टरीत काहून नेलं नाही ग?’

सुरी थांबली. ‘चौदा वर्षं झाली. अजून तेच धरून बसली?’

‘हो.’

‘त्याच वर्षी तू निबंध लिहिला होता. माझे बाबा मोठी मशीन चालवतात.’

आठवतो. बक्षीस मिळालं होतं. बाबांनीच तसं सांगितलं होतं.

‘मशीन नाही चालवत ते. मशीनखालचा लोखंडाचा चुरा-बुरादा झाडतात. वेदांगला काय कळणार होतं? तू दहा प्रश्न विचारशील, म्हणायचे ते.’ मग हळूच, ‘मी बोलली म्हणून सांगू नको.’

म्हणून आम्ही कधी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहिलो नाही — तिथे शेजाऱ्यांकडून मला कळलं असतं!

१२ सप्टेंबर

रागवायचं ठरवलं होतं. जमत नाही. मला वाटायचं मी त्यांना कमी पडते. ते तर स्वतःच लपून बसले होते.

तरी पायरीवरची ती मुलगी खोटी नव्हती. तिला लागलंच होतं. दोन्ही खरं.

१४ सप्टेंबर, रविवार

‘बाबा, यंदा पूजेला मी येते.’

‘फार गर्दी असते. बुंदी आणतो ना मी.’

‘बुंदी नको. लहानपणी तुम्ही मला नेलं नाही. फार लागलं होतं मला.’

बोलले! चौदा वर्षांनी मी बोलले.

बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘अच्छा.’ मग म्हणाले, ‘तुला वाटते तसं तिथं काही नाही.’

‘माहीत आहे मला.’

त्यांनी आईकडे बघितलं. आई एकदम कणकेच्या डब्यात घुसली.

१६ सप्टेंबर

बाबा ‘हो’ही म्हणेनात, ‘नाही’ही म्हणेनात. मी निळा कुर्ता इस्त्री करून ठेवला.

१७ सप्टेंबर

विचारलं नाही. स्कूटी काढली, ‘बसा’ म्हटलं. बसले.

सगळ्या मशीनींवर झेंडूचे हार होते. बाबांचा झाडू कोपऱ्यात तसाच. मी पिशवीतून हार काढला आणि सगळ्यांसमोर त्याला घातला. कुंकू लावलं.

बाबा जवळ येऊन म्हणाले, ‘विचार आता. दहाच्या दहा.’